ओढ्याचा पोटखराबा

भूकरमापकाची नोकरी केलेल्या माणसाला ओढा दाखवा; तो पाण्याकडे बघणार नाही, पोटखराबा किती गेला ते विचारेल. मीही त्यातलाच. हवेली तालुक्यातली जमीन आम्ही शंकू-साखळीने मोजत होतो. साखळी 33 फुटांची, तिचे आणे 16, आणि एक साखळी लांब, एक साखळी रुंद जागा म्हणजे गुंठा. साखळी ओढ्यात उतरली की गडी धोतर वर खोचायचा, मी दोन्ही काठ टिपायचो, आणि मोजणी पुढे सरकायची. ओढ्यात काय आहे, हे लिहायला रकानाच नव्हता.

या पद्धतीची घडी बसली ती 1835-36 मध्ये, पुणे जिल्ह्यातल्या इंदापुरात. गोल्डस्मिड आणि विंगेट या साहेबांपुढे प्रश्न एकच: कोणत्या जमिनीवर सारा किती? जिथे पीक येत नाही तिथला सारा मागायचा कसा, म्हणून लागवडीला नालायक जागा, म्हणजेच पोटखराबा, वेगळी काढण्याचा रिवाज पडला. स्वातंत्र्यानंतर 1966 चा जमीन महसूल अधिनियम आला. त्याच्या कलम 20 ने नद्या, ओढे, नाले सरकारच्या मालकीचे ठरवले. पुढे 1968 च्या नियमांत पोटखराब्याचे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन वर्ग आहेत. खातेदाराखेरीज इतर लोक ज्या ओढ्याचं पाणी पितात, वापरतात किंवा शेताला देतात, त्याच्याखालची जागा ‘ब’ वर्गात जाते. हा नियम लिहिणाऱ्याला गाव कळत होतं, असं मला नेहमी वाटत आलं आहे. बायका त्या ओढ्यावर पाणी भरत, बैल तिथेच धुतले जात, तोवर कोणी काठ नांगरून आत घेतला तर चावडीवर बोभाटा व्हायचा. घरोघरी नळ आले आणि ओढ्याला साक्षीदार उरला नाही.

गंमत अशी की इंदापुरातल्या त्या मोजणीच्याच सुमारास, त्याच मुलखात, दुसरी एक नोंद चालू होती. कर्नल विल्यम साइक्स 1824 पासून मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करत होता. माणसं आणि पिकं मोजता मोजता त्याने मासेही पाहिले, आणि 1839 मध्ये त्यांची वर्णनं प्रसिद्ध केली. शास्त्रीय नावांत त्याने ‘खुद्री’, ‘मुल्या’ अशी नावं घातली. खुद्री म्हणजे आपल्याकडचा महाशीर. मुल्या, ज्याला आपण मळ्या म्हणतो, तो बोटाएवढा मासा. तोंडाखालच्या चकतीने दगडाला धरून तो वाहत्या पाण्यात टिकतो. त्याला दगड लागतो आणि दगडावरून धावणारं पाणी लागतं. एकाच सरकारच्या दोन वह्या: एकीत तो दगड खराबा, दुसरीत त्याच दगडावर मासा. माझ्या सगळ्या नोकरीत या दोन वह्या एका टेबलावर आलेल्या मी पाहिल्या नाहीत.

ओढ्याला हात लावायला इंग्रजच लागले असं नाही. पुण्याचा आंबिल ओढा कात्रजच्या डोंगरातून येतो. तो पूर्वी गावाला लागून वाहायचा. नानासाहेब पेशव्यांनी तो पश्चिमेकडे वळवला, पर्वतीच्या पायथ्याशी तळं झालं, पेठा वाढायला जागा मिळाली. पाण्याची एवढी जाण असलेल्या राज्यकर्त्याने केलेलं काम होतं ते. कात्रजचं तळंही त्याच कारकिर्दीतलं. नंतरच्या पिढ्यांनी मात्र वळवलेल्या ओढ्याचेही काठ शिल्लक ठेवले नाहीत. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री त्याला पूर आला आणि माणसं गेली. तेव्हा सगळ्यांना जुने नकाशे आठवले.

विकास आराखड्यात जिवांसाठी म्हणून जागा राखण्याचा मोठा प्रयत्न पुण्यातच झाला. 1997 मध्ये गावं महापालिकेत आली, आणि त्यांतल्या 23 गावांच्या टेकड्यांवर सुमारे 978 हेक्टरवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण सुचवलं गेलं. लोक त्याला नुसतं ‘बीडीपी’ म्हणतात. थोडं बांधकाम करू द्यावं की अजिबात नको, यावर वर्षानुवर्षं भांडण चाललं. राज्य सरकारची मंजुरी आली 2015 मध्ये. ज्यांच्या जमिनी अडकल्या त्यांची तक्रार खोटी नाही, मोबदल्यावाचून कोण गप्प बसेल? तरी ओढे जिथे उगम पावतात ती टेकडी मोकळी राहावी, हे कागदावर आलं, याचं मोल मी मोठं मानतो.

अडचण टेकडीखाली आहे. रेखांकनात ओढ्याचा नाला होतो, नाला सरळ केला जातो, दोन्ही बाजूंना भिंती आणि तळाला काँक्रीट. रुंदी मोजा, बरोबर भरते. मोजणीवाला म्हणून मला तिथे सही नाकारता आली नसती, कारण तळाचा दगड आणि काठावरचा वाळुंज नकाशात कधीच नव्हते.

2002 च्या जैविक विविधता कायद्यामुळे आता तिसरी वही आली आहे, लोकजैवविविधता नोंदवही. माझं म्हणणं कारकुनी आहे: तिच्यात ओढ्यातल्या प्रत्येक माशापुढे, काठावरच्या प्रत्येक झाडापुढे गट नंबर घाला, आणि तो शेरा सातबाऱ्याच्या ‘इतर हक्कां’त उतरवा. मग रेखांकन मंजूर करणाऱ्याला मळ्या वाचल्याशिवाय सही करता येणार नाही.