रोझरी चर्च, जुने गोवे
जुन्या गोव्यातील ‘मोंती सांतो’ टेकडीवरचे एक छोटे चर्च. १५१० मध्ये पोर्तुगीज सेनानी आफोंसो द आल्बुकेर्क याने विजापूरच्या आदिलशाहीकडून गोवे जिंकले, तेव्हा याच टेकडीवरून त्याने लढाई पाहिली असे मानतात. त्याच्या नवसापोटी १५४४–४९ दरम्यान हे चर्च उभारले गेले. जांभ्या दगडाच्या भिंतींना चुन्याचा गिलावा आहे. गोलाकार बुरूज आणि उंचावरील खिडक्यांमुळे इमारत गढीसारखी भासते. पीळदार दोरखंडाच्या नक्षीत पोर्तुगालची उत्तर-गॉथिक ‘मानुएलीन’ शैली दिसते. आत गव्हर्नर गार्सिया द सा याची पत्नी कातारिना हिचे स्मारक असून त्यावरील नाजूक कोरीवकाम गुजराती धाटणीचे आहे. १९८६ पासून गोव्यातील चर्चसमूहासह जागतिक वारसास्थळ.