नेट न्यूट्रॅलिटी : सिंगापूरची वाट आणि भारताची वाट



रविवारी संध्याकाळी पुण्याला किंवा कोल्हापूरला व्हिडिओ कॉल लावायचा, आजीला नातवंडे दाखवायची, आणि नेमके तेव्हाच चित्र गोठते. "तुम्ही आयटीवाले ना, मग असे का होते ते सांगा," असा प्रश्न आम्हाला मंडळाच्या कार्यक्रमांत हमखास येतो. बहुतेक वेळा दोष घरातल्या वायफायचा नाहीतर तिकडच्या नेटवर्कवरील गर्दीचा असतो. पण यामागे एक मोठा प्रश्नही आहे. आपला कॉल किती वेगाने जावा, किंवा जावा की नाही, हे ठरवण्याचा अधिकार इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला असावा का? आपल्या दोन्ही घरांनी, म्हणजे सिंगापूरने आणि भारताने, याची वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. त्यांची ही ओळख.

नेट न्यूट्रॅलिटी म्हणजे काय?

विजेचे मीटर फक्त युनिट मोजते. त्या विजेवर मिक्सर फिरला की देवघरातला दिवा लागला, याच्याशी वीज कंपनीला कर्तव्य नसते. इंटरनेट कंपनीनेही असेच वागावे, हे नेट न्यूट्रॅलिटीचे तत्त्व. ही संज्ञा अमेरिकेतील कायद्याचे प्राध्यापक टिम वू यांनी २००३ मध्ये रूढ केली. यात मुख्यतः तीन गोष्टी येतात: कोणतेही संकेतस्थळ किंवा सेवा अडवू नये, मुद्दाम संथ करू नये, आणि पैसे घेऊन कोणाला पुढे काढू नये.

तांत्रिकदृष्ट्या भेदभाव करणे अवघड नाही. आपला कॉल लहान लहान तुकड्यांत, म्हणजे पॅकेटमध्ये विभागून जातो. पॅकेट कोणत्या सेवेचे आहे हे कंपनीची यंत्रणा बऱ्याचदा ओळखू शकते आणि त्याला रांगेत पुढे किंवा मागे टाकू शकते. गर्दीच्या वेळी सर्वांचे काम चालावे म्हणून असे करणे रास्त असते. प्रतिस्पर्ध्याला मागे टाकण्यासाठी तेच करणे, इथे वाद सुरू होतो.

हा वाद आपल्या घरचा कसा?

आमच्याआधी इथे आलेले काका-काकू कॉलिंग कार्डाच्या आठवणी सांगतात. कार्डावरची मिनिटे संपत आली की बोलणे आवरते घ्यावे लागे. भारतात इंटरनेट टेलिफोनीला परवानगी मिळाली ती १ एप्रिल २००२ पासून. दुबईतील मराठी कुटुंबांचा अनुभव तर ताजा आहे. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपवरील संदेश जात, पण कॉल वर्षानुवर्षे अडवले गेले. घरी फुकट बोलता येणे आपण गृहीत धरतो, पण ते नियमांवर अवलंबून असते.

कंपन्यांची बाजूही ऐकायला हवी. केबल आणि टॉवर आम्ही उभारायचे आणि कमाई दुसऱ्यांनी करायची, अशी त्यांची तक्रार असते. २०१४ मध्ये सिंगटेलच्या तत्कालीन प्रमुखांनी व्हॉट्सॲप, स्काइपसारख्या सेवांकडून नेटवर्क वापराचे पैसे घेण्याची मुभा असावी, असे जाहीरपणे म्हटले होते.

सिंगापूर : मधली वाट

आयडीए या तेव्हाच्या नियामक संस्थेने नोव्हेंबर २०१० मध्ये लोकांची मते मागवली आणि जून २०११ मध्ये निर्णय दिला. (२०१६ च्या पुनर्रचनेनंतर हे काम आयएमडीएकडे आले.) निर्णयाचा सारांश असा:

१. कायदेशीर मजकूर किंवा सेवा अडवता येणार नाही. ती वापरण्याजोगी राहणार नाही इतकी संथही करता येणार नाही.
२. नेटवर्कची व्यवस्था कशी लावली जाते आणि प्रत्यक्षात साधारण वेग किती मिळतो, हे ग्राहकाला सांगावे लागेल.
३. सेवेचा किमान दर्जा आणि स्पर्धेचे नियम पाळावे लागतील.
४. हे सारे पाळून कंपन्या वेगळ्या, खास सेवा देऊ शकतील.

म्हणजे अडवणे बंद, पण वेगळी वागणूक सरसकट बंद नाही. "कायदेशीर" हा शब्दही महत्त्वाचा आहे. काय कायदेशीर हे इथले इतर कायदे ठरवतात. १९९६ पासूनच्या परवाना पद्धतीत काही संकेतस्थळे अडवलेली आहेत, आणि नेट न्यूट्रॅलिटीचा निर्णय त्यांना लागू होत नाही.

एवढ्या सैल नियमावर काम कसे चालते? त्याचे उत्तर आपल्या हॉलमधल्या फायबरच्या छोट्या डबीत आहे. २०१० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ब्रॉडबँड जाळ्यात फायबर टाकणारी कंपनी वेगळी (आधी ओपननेट, पुढे नेटलिंक) आणि ग्राहकाला सेवा विकणाऱ्या कंपन्या वेगळ्या. तीच डबी कायम ठेवून कंपनी बदलता येते. एकीने त्रास दिला तर दुसरी आहे, हाच ग्राहकाचा खरा आधार.

भारत : ठाम नकार

भारतात डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने इंटरनेट कॉलसाठी वेगळे दर जाहीर केले आणि ओरड झाल्यावर मागे घेतले. मार्च २०१५ मध्ये ट्राय या नियामक संस्थेने मते मागवली, तेव्हा दहा लाखांहून अधिक ईमेल गेल्या. त्यानंतर गाजले ते फेसबुकचे 'फ्री बेसिक्स', म्हणजे निवडक संकेतस्थळे फुकट. डिसेंबर २०१५ मध्ये मार्क झुकेरबर्ग यांनी वृत्तपत्रातील लेखात महाराष्ट्रातल्याच एका शेतकऱ्याचे उदाहरण दिले. हवामान आणि बाजारभाव फुकट कळल्याने त्याचा फायदा झाला, असे त्यांचे म्हणणे होते.

हा युक्तिवाद आम्हाला अगदीच पोकळ वाटत नाही. ज्याला काहीच मिळत नाही त्याला थोडे तरी मिळते. पण कोणते भाव दाखवायचे आणि कोणते संकेतस्थळ घ्यायचे, हे शेतकरी ठरवत नव्हता. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने मजकुरानुसार डेटाचे वेगळे दर लावण्यास बंदी घातली. दंड दिवसाला ५० हजार, कमाल ५० लाख रुपये. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने अडवणे आणि संथ करणे याविरुद्धच्या शिफारशीही मान्य केल्या.

इतरत्र

चिलीने २०१० मध्ये कायदा केला, तर युरोपीय संघाने २०१५ मध्ये नियम केले. अमेरिकेत २०१५ चे नियम २०१७ मध्ये रद्द झाले, २०२४ मध्ये परत आणले गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने ते रद्द ठरवले. दक्षिण कोरियातून ट्विच ही सेवा फेब्रुवारी २०२४ मध्ये बाहेर पडली. तिथले नेटवर्क शुल्क परवडत नाही, हे तिने दिलेले कारण.

मग कोणती वाट बरी?

आमच्या मते फरक परिस्थितीचा आहे. जिथे गावात एकाच कंपनीचा टॉवर पकडतो, तिथे भारतासारखा कडक नियम हवा. जिथे कंपनी सहज बदलता येते, तिथे सिंगापूरचा मार्ग चालतो, पण स्पर्धा टिकेपर्यंतच. ऑगस्ट २०२५ मध्ये एम१ चा दूरसंचार व्यवसाय सिम्बाला विकण्याचा करार जाहीर झाला. अशा बातम्या आपण केवळ शेअर बाजाराच्या म्हणून सोडून देऊ नयेत. पर्याय कमी झाले, तर सैल नियम ग्राहकाला पुरेल का, हा प्रश्न उभा राहतो.

घरी काय पाहावे?

• जाहिरातीतील कमाल वेग पाहू नका, कंपनीने जाहीर केलेला साधारण वेग पाहा.
• "अमुक ॲपचा डेटा फुकट" असे असल्यास त्यात व्हिडिओ कॉल धरला आहे का, ते विचारा.
• करार किती महिन्यांचा आहे आणि मध्येच सोडल्यास किती पैसे पडतात, ते सहीआधी वाचा.
• एकच सेवा सतत संथ वाटली तर नॉर्थईस्टर्न विद्यापीठाचे 'वेहे' हे ॲप वापरून तपासा. आणि हो, त्याआधी राउटर एकदा बंद करून चालू करा!

शंका असल्यास जरूर कळवा. आणि या रविवारी आजीचे चित्र गोठले, तर निदान कुठून तपासायला सुरुवात करायची ते आता आपल्याला ठाऊक आहे.