लिडियाबाईंचा काढा

१८७३च्या मंदीत मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावच्या आयझॅक पिंकम यांचा जमिनींचा व्यवहार पार बुडाला. त्यांची पत्नी लिडिया घरच्या चुलीवर मुळ्या उकळून बायकांच्या दुखण्यांवर काढा करायची आणि शेजारणींना फुकट द्यायची. १८७५मध्ये तोच काढा एक डॉलरला बाटली या भावाने विकायला निघाला. त्यात काही अमेरिकन मुळ्या होत्या, चक्क मेथीदाणे होते आणि सुमारे १८ टक्के मद्यार्क होता. पिंकम मंडळी दारूबंदीची कट्टर समर्थक! औषध टिकावं म्हणून मद्यार्क घातलाय, असं त्यांचं म्हणणं.

त्यांचा मुलगा डॅन ब्रुकलिनमध्ये पायपीट करत पत्रकं वाटत होता. त्याचा भाऊ विल याने ६० डॉलर मोजून 'बोस्टन हेरल्ड'च्या पहिल्या पानावर जाहिरात दिली आणि लगेच मागणी आली. पुढे जाहिरातीत आईचाच चेहरा छापायचं ठरलं. शांत, करारी, आजीसारखा तो चेहरा गावोगावच्या वर्तमानपत्रांत झळकला.

काढ्याहून तो चेहराच जास्त विकला गेला, असं म्हणायला हरकत नाही. पण बायका भोळ्या होत्या म्हणून फसल्या, असं समजणं अन्यायाचं ठरेल. त्या काळचे डॉक्टर बहुतेक पुरुष, आणि पाऱ्याची औषधं सर्रास देणारे. पाळीच्या तक्रारी त्यांच्यापुढे कोण बोलणार? 'मिसेस पिंकम यांना लिहा, तुमचं पत्र कुणी पुरुष पाहणार नाही,' असा जाहिरातींचा भरवसा. पत्रांचा ढीग पडू लागला आणि उत्तरंही जाऊ लागली.

लिडियाबाई १८८३मध्ये वारल्या. पत्रव्यवहार मात्र चालूच राहिला!

१९०५मध्ये 'लेडीज होम जर्नल'चे संपादक एडवर्ड बॉक यांनी लिडियाबाईंच्या थडग्याचं छायाचित्रच छापलं. उत्तरं आमच्या सूनबाई देतात, त्याही मिसेस पिंकमच, असा खुलासा कंपनीने केला. त्याच वर्षी 'कॉलियर्स' साप्ताहिकात सॅम्युएल हॉपकिन्स ॲडम्स यांनी अशा गुप्त औषधांवर लेखमाला सुरू केली. त्यांत अफू, मद्यार्क काय काय असतं, याची वाच्यता झाली आणि १९०६मध्ये अन्न व औषध कायदा आला. मद्यार्काचं प्रमाण बाटलीवर छापणं भाग पडलं. वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींना मात्र त्या कायद्याने हातही लावला नाही. औषधांच्या खोट्या जाहिरातींना थेट चाप लावणारा कायदा अमेरिकेत आला तो १९३८मध्ये.