ब्राउझरला मराठी कशी शिकवावी लागली? (धागा)

१/
२००० सालच्या सुमारास अंधेरीतल्या संगणकावर एखाद्या मराठी वृत्तपत्राचे संकेतस्थळ उघडले, तर पडद्यावर बहुधा रोमन अक्षरांची आणि निरर्थक चिन्हांची खिचडी उमटत असे. ब्राउझरच्या मांडणीत हाताने फेरफार केल्याशिवाय मायबोली वाचता येत नव्हती. तो खटाटोप कसा संपला, त्याचा हा इतिहास.

२/
१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली. पहिल्या शहरांत मुंबई होती. अंधेरी पूर्वेच्या सीप्झमधून (स्थापना १९७३) परदेशी ग्राहकांसाठी सॉफ्टवेअर जात होते. घरच्या मराठी वाचकाला मात्र नेटस्केप किंवा इंटरनेट एक्सप्लोरर यांत देवनागरीची सोय नव्हती.

३/
कारण तांत्रिक होते. त्या काळच्या फॉन्टमध्ये अक्षरांसाठी २५६ जागा असत. फॉन्टनिर्मात्यांनी रोमन अक्षरांच्याच जागी देवनागरी आकार बसवले. भारतीय लिपींसाठी ‘इस्की’ हे प्रमाण १९९१ मध्ये ठरले होते. तरीही प्रत्येक निर्मात्याची मांडणी निराळी राहिली. एकाचा ‘क’ दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये भलतेच अक्षर होई.

४/
म्हणून वाचकाने आधी त्या संकेतस्थळाचा फॉन्ट उतरवून घ्यायचा, मग ब्राउझरच्या पर्यायांत ‘यूजर डिफाइन्ड’ निवडून तो नेमून द्यायचा. दुसऱ्या संकेतस्थळासाठी दुसरा फॉन्ट. बुकमार्कच्या यादीत तर पानाचे मराठी शीर्षक अगम्य चिन्हांतच दिसे. ते पुसून रोमन लिपीत नाव द्यावे लागे.

५/
खरी हानी याहून खोल होती. डोळ्यांना ‘शिवाजी’ दिसत असले, तरी संगणकाच्या लेखी ती रोमन चिन्हेच होती. शोधयंत्राला तो शब्द सापडत नसे. मराठी मजकूर जालावर असूनही नसल्यासारखाच होता.

६/
उपाय युनिकोडमध्ये होता. १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला स्वतंत्र जागा मिळाल्या. परंतु जोडाक्षरे आणि वेलांट्या नीट जुळवणारा फॉन्ट व प्रणाली हवी होती. येथे अंधेरीला लागून असलेले जुहू या इतिहासात प्रवेश करते.

७/
जुहूला ‘नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी’ ही संस्था होती (स्थापना १९८५, पुढे सी-डॅकमध्ये विलीन). आयआयटी मुंबईत अध्यापन केलेले सुलेखनकार आणि कवी र. कृ. जोशी उत्तरायुष्यात तेथे लिपीसंशोधन करत होते. विंडोज २००० सोबत आलेला ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट त्यांच्याच हातचा. तेथेच त्यांनी सर्वांसाठी खुला असा ‘रघू’ फॉन्टही घडवला.

८/
तरी काम एका रात्रीत झाले नाही. विंडोज एक्सपीमध्येही भारतीय लिपींची सोय वापरकर्त्यालाच सुरू करावी लागे. त्यासाठी अनेकदा मूळ सीडी शोधण्याची वेळ येई. पण ती एकदा झाली की प्रत्येक युनिकोड पान वाचता येई, बुकमार्कचे नावही मराठीत राही. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया याच पायावर उभा राहिला.

९/
मराठीच्या खास गरजा उरल्याच होत्या. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. हा भेद दाखवणारा अर्धा ‘र’ सर्वत्र नीट उमटायला वेळ लागला. ‘ॲ’ला तर युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली. त्याच वर्षी जोशींचे निधन झाले.

१०/
ब्राउझर सजवणे ही आज हौस आहे. त्या पिढीसाठी ती साक्षरतेची अट होती. जुन्या फॉन्टांत अडकलेली पाने आजही रूपांतराविना शोधात सापडत नाहीत. कागद वाळवीने जातो. संगणकावरचा मजकूर त्याचा संकेत जाणणारे उरले नाहीत की जातो. म्हणून मराठीच्या इतिहासात ग्रंथांइतकीच या अक्षरसंकेतांचीही नोंद हवी.