हरिश्चंद्र बिराजदार

हरिश्चंद्र माधवराव बिराजदार (१९५० – २०११) हे भारतीय मल्ल व कुस्ती प्रशिक्षक होते. १९६९ मध्ये त्यांनी 'महाराष्ट्र केसरी' हा किताब जिंकला, तर १९७० मध्ये एडिनबरो येथील राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. निवृत्तीनंतर त्यांनी पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत मल्ल घडवले. कुस्तीक्षेत्रात ते 'बिराजदार मामा' या नावाने ओळखले जात.

प्रारंभिक जीवन

बिराजदार हे निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगड या गावचे. आज हे गाव लातूर जिल्ह्यात आहे. मात्र लातूर जिल्ह्याची निर्मिती १६ ऑगस्ट १९८२ रोजी झाली असल्याने त्यांच्या उमेदीच्या काळात हा भाग उस्मानाबाद जिल्ह्यात मोडत असे. त्या काळी महाराष्ट्रातील कुस्तीचे प्रमुख केंद्र कोल्हापूर होते व मराठवाड्यातील होतकरू मल्लांना पुढील शिक्षणासाठी गाव सोडावे लागे. बिराजदार यांनीही कोल्हापुरात कुस्तीचे धडे घेतले.

खेळाडू म्हणून कारकीर्द

'महाराष्ट्र केसरी' ही स्पर्धा १९६१ पासून भरवली जाते. १९६७ व १९६८ अशी सलग दोन वर्षे चंबा मुतनाळ यांनी हा किताब राखला होता. १९६९ चा किताब बिराजदार यांनी पटकावला. त्यानंतर १९७० व १९७१ मध्ये कोल्हापूरचे दादू चौगुले विजेते ठरले.

जुलै १९७० मध्ये स्कॉटलंडमधील एडिनबरो येथे झालेल्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत भारताला पाच सुवर्णपदके मिळाली व ती पाचही कुस्तीतील होती. त्यांपैकी एक बिराजदार यांचे होते. १९७२ मध्ये ते 'रुस्तुम-ए-हिंद' या किताबाचे मानकरी ठरले. १९७७ मध्ये त्यांनी दिल्लीचे नामांकित मल्ल सतपाल यांच्यावर मिळवलेला विजय महाराष्ट्राच्या कुस्तीच्या इतिहासातील संस्मरणीय लढतींपैकी एक मानला जातो. सतपाल यांनी पुढे १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले आणि प्रशिक्षक या नात्याने ऑलिंपिक पदकविजेता सुशील कुमार याला घडवले. अशा रीतीने या लढतीतील दोन्ही मल्ल पुढे नामवंत प्रशिक्षक झाले.

प्रशिक्षक म्हणून कारकीर्द

बिराजदार यांच्या पिढीचे मल्ल प्रामुख्याने लाल मातीच्या आखाड्यात तयार झाले. पारंपरिक मातीवरील कुस्तीत प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला लावून त्याला चीतपट करणे हेच अंतिम ध्येय असते. आंतरराष्ट्रीय कुस्ती मात्र मॅटवर (गादीवर) होते. तेथे प्रत्येक यशस्वी डावाला गुण मिळतात, वेळ मर्यादित असते आणि चीतपट न करताही गुणांच्या आघाडीवर लढत जिंकता येते. त्यामुळे मातीत वाढलेल्या मल्लाला वेग, पकड व डावांची आखणी या सर्वच बाबतींत बदल करावा लागतो. राष्ट्रकुल स्पर्धेतील यशामुळे बिराजदार यांना या दोन्ही प्रकारांचा अनुभव होता.

त्यांच्या शिष्यांमध्ये लातूर जिल्ह्यातील काका पवार हे ग्रीको-रोमन प्रकारातील मल्ल प्रमुख होत. पवार यांना १९९८ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. दुसरे प्रसिद्ध शिष्य म्हणजे बीड जिल्ह्यातील पाटोद्याचे राहुल आवारे. पुण्यात २००८ मध्ये झालेल्या राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धेत आवारे यांनी सुवर्णपदक, तर २०११ च्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत कांस्यपदक मिळवले.

निधन व शिष्यपरंपरा

२०११ मध्ये बिराजदार यांचे निधन झाले. त्यानंतर आवारे यांनी काका पवार यांच्या मार्गदर्शनाखाली सराव सुरू केला. त्यामुळे गुरूच्या पश्चात त्यांचे शिक्षण ज्येष्ठ गुरुबंधूकडे चालू राहिले. २०१२ व २०१६ या दोन्ही ऑलिंपिक स्पर्धांत आवारे यांना स्थान मिळाले नाही. अखेर एप्रिल २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातील गोल्ड कोस्ट येथील राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत ५७ किलो वजनी गटाच्या अंतिम लढतीत त्यांनी कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशी याला १५–७ असे हरवून सुवर्णपदक जिंकले. गुरूच्या एडिनबरो येथील यशानंतर ४८ वर्षांनी मिळालेले हे पदक त्यांनी दिवंगत बिराजदार यांना अर्पण केले. २०१९ च्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत आवारे यांनी ६१ किलो गटात कांस्यपदक पटकावले व २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला.

काका पवार यांनी पुण्यात आंतरराष्ट्रीय कुस्ती संकुल चालवले. जानेवारी २०२० मध्ये बालेवाडी येथे झालेल्या 'महाराष्ट्र केसरी' स्पर्धेत गादी विभागातून हर्षवर्धन सदगीर आणि माती विभागातून लातूरचे शैलेश शेळके अंतिम फेरीत पोहोचले. दोघेही पवार यांचेच शिष्य होते. सदगीर यांनी ही लढत ३–२ अशी जिंकली.

पुरस्कार व सन्मान

• महाराष्ट्र केसरी – १९६९
• राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा, सुवर्णपदक – १९७०
• रुस्तुम-ए-हिंद – १९७२
• ध्यानचंद पुरस्कार – २००६ (निवृत्तीनंतरही खेळाच्या विकासासाठी कार्यरत राहणाऱ्या खेळाडूंना भारत सरकारतर्फे पूर्वी दिला जात असलेला जीवनगौरव सन्मान)