गाणारी ज्योत

दिव्याची ज्योत मुकाट्यानें जळते, हा आपला घरोघरचा अनुभव आहे. परंतु इ. स. १७७७ सालीं ब्रायन हिगिन्स या रसायनज्ञानें हायड्रोजनची ज्योत एका उभ्या नळींत धरली, तेव्हां ती स्पष्ट सुरांत गाऊं लागली. पुढें १८५८ सालीं जॉन लकाँट या अमेरिकन शास्त्रज्ञानें याच्या उलट प्रकार नमूद केला. एका घरगुती मैफलींत वाद्यें वाजत असतांना जवळच्या गॅसच्या ज्योती त्यांच्याबरोबर नाचत होत्या. ज्योत नाद निर्माण करते, आणि नादहि ज्योतीला हालवितो, असें हें दुहेरी नातें आहे. त्या काळीं तें केवळ दिवाणखान्यांतील कौतुकाचा विषय होतें.

या नात्याचें मर्म १८७८ सालीं लॉर्ड रॅले यांनीं उलगडलें. झोपाळ्यास हात केव्हां लावावा हें लहान मुलासहि कळतें. योग्य क्षणीं हलकासा धक्का दिला तर झोंका चढतो, भलत्या क्षणीं दिला तर मोडतो. नळींतील हवेचेंहि तसेंच आहे. ती दाबली गेली असतांना तिला उष्णता मिळाली, तर कंपास बळ येतें. ती विरळ झाली असतांना मिळाली, तर कंप क्षीण होतो. रोगाचें निदान आणि त्यावरील उपाय हीं दोन्ही या एकाच नियमांत होतीं. परंतु उपायाकडे लक्ष जाण्यास पाऊणशें वर्षें लागलीं.

तें प्रथम गेलें अग्निबाणांच्या निमित्तानें. ज्वलनकोठींतील दाब सतत मोजावा व त्यास अनुसरून इंधनाचा पुरवठा क्षणोक्षणीं कमीअधिक करावा, अशी योजना १९५२ सालीं त्सिएन शुए-सेन या चिनी पंडितानें कॅलिफोर्नियांत मांडली. ज्या देशांत बसून त्यानें ती मांडली, त्या देशाच्या सरकारचा त्याजवर संशय होता, व १९५५ पर्यंत त्यास मायदेशीं परततां आलें नाहीं. शिवाय त्याच्या कल्पनेस साजेशीं चपळ साधनेंहि त्या काळीं नव्हतीं.

मग २८ जून १९६२ रोजीं कसोटीचा प्रसंग आला. चंद्राकडे जावयाच्या सॅटर्न-५ साठीं बनविलेलें, पंधरा लक्ष पौंड जोराचें एफ-१ एंजिन चांचणींत आपल्याच कंपानें उद्ध्वस्त झालें. हिगिन्सच्या नळींतील गाणें आतां असें विनाशक झालें होतें. अभियंत्यांनीं धाडसी मार्ग पत्करला. चालू एंजिनांत लहान बाँब उडवून ते मुद्दाम कंप उठवीत, आणि तो आपोआप विझतो कीं नाहीं हें पाहत. सुमारें दोन हजार चांचण्यांनंतर, इंधन फवारणाऱ्या तबकडीवर धातूचे पडदे बसवून व छिद्रांची रचना बदलून, कंप एकदशांश सेकंदाच्या आंत विझूं लागला. १९६९ च्या जुलैंत माणूस चंद्रावर उतरला, तो याच एंजिनांच्या बळावर. मात्र हा विजय गणितापेक्षां चिकाटीचा अधिक होता. पुढच्या एंजिनास तेच पडदे चालतील, अशी हमी कोणी देऊं शकत नव्हतें.

त्सिएनचा विचार मार्गी लागला तो १९८० नंतरच्या दशकांत. केंब्रिज येथील संशोधकांनीं गाणाऱ्या नळीजवळ एक मायक्रोफोन व एक ध्वनिक्षेपक ठेवला. नळीचा सूर ऐकून, योग्य तेवढें अंतर राखून तोच तिला परत ऐकविला, आणि नळी गप्प झाली. पुढें वीज निर्माण करणाऱ्या गॅस टर्बाइनांना ही युक्ति उपयोगीं पडली. हवेंतील विषारी वायु कमी व्हावेत म्हणून त्यांत इंधन विरळ मिसळून जाळूं लागले, आणि अशी विरळ ज्योत फार चंचल असते. सीमेन्सच्या मोठ्या टर्बाइनांवर कंप ऐकून गॅसचा प्रवाह हालविणाऱ्या झडपा बसविल्याचें वृत्त १९९८ सालीं प्रसिद्ध झालें.

तथापि ही विद्या सर्वशक्तिमान् नव्हे. कंप फार जलद असला तर झडप त्याच्या मागें पडते, आणि उशिरा दिलेला धक्का झोंका मोडण्याऐवजीं चढवितो. म्हणून पडदे व काळजीपूर्वक रचना यांची गरज संपलेली नाहीं. परंतु जिच्यावर आपण दीर्घकाळ केवळ बंधनें घालीत आलों, त्या ज्योतीचें म्हणणें ऐकून घेऊन तिला वेळेवर उत्तर देणें हा शहाणपणा रॅले यांच्या एका नियमांत शंभर वर्षें पडून होता. दिवाणखान्यांतील कौतुकास क्षुल्लक मानणाऱ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें.