शब्द किती येतात?

परकी भाषा शिकणाऱ्याला किती शब्द येतात हे तपासायचं, तर आधी कोणते शब्द विचारायचे ते ठरवावं लागतं. त्यामुळे या चाचण्यांचं मूळ शब्दांच्या याद्यांमध्ये सापडतं. १९२१ साली अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी शिक्षकांसाठी १०,००० इंग्रजी शब्दांची यादी काढली. छापील मजकुरात कोणता शब्द किती वेळा येतो, हे संगणकाविना मोजून ती केली होती.

पुढचा धागा थेट ढाक्यात जातो. तिथल्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य मायकेल वेस्ट यांना दिसलं, की बंगाली मुलांच्या इंग्रजी वाचनपुस्तकांत क्वचित लागणाऱ्या शब्दांचीच गर्दी आहे. त्यांनी नेहमीचे शब्द वापरून, नवे शब्द जपून पेरत वाचनमाला लिहिली. बंगालमधल्या द्विभाषिकतेवरचा त्यांचा ग्रंथ १९२६चा आणि सुमारे २,००० शब्दांची त्यांची प्रसिद्ध यादी १९५३ची. जगभरच्या इंग्रजी शिक्षणाने ज्या यादीवर भिस्त ठेवली, तिच्यामागे बंगालमधल्या वर्गांचा अनुभव होता. याची आठवण आपण ठेवायला हवी.

याद्या होत्या, मोजपट्टी यायची होती. १९८३मध्ये न्यूझीलंडच्या पॉल नेशन यांनी ती दिली. एका बाजूला सहा शब्द, दुसऱ्या बाजूला तीन अर्थ, आणि जोड्या लावायच्या. अर्थ सोप्या शब्दांत लिहिलेले. पायऱ्या पाच, २,००० शब्दांच्या पातळीपासून १०,०००पर्यंत. विद्यार्थी कुठल्या पायरीवर अडतो ते शिक्षकाला कळतं, म्हणजे उद्या काय शिकवायचं तेही कळतं. मला या परंपरेतली सर्वांत उपयोगी चाचणी हीच वाटते.

ब्रिटनमध्ये पॉल मीरा यांनी वेगळी वाट धरली. १९८७मध्ये त्यांनी सहकाऱ्यासह दुसरी भाषा शिकणाऱ्यांसाठी अशी चाचणी मांडली, जिच्यात शब्द दाखवून फक्त 'येतो की नाही' एवढंच विचारायचं. मग खोटं बोलणाऱ्याचं काय? यादीत बनावट शब्दही मिसळायचे. मराठीत करायचं तर ओसरी, सुपली, कवाड यांच्यात 'निमळूक' असं काहीतरी घुसवायचं. 'निमळूक'ला 'येतो' म्हणणाऱ्याचे गुण कापायचे. अंदाजपंचे उत्तरांना लगाम घालायची ही युक्ती फार नेटकी आहे.

असा लगाम नसला की काय होतं, ते २००७च्या नेशन आणि बेग्लर यांच्या चाचणीत दिसतं. १४० प्रश्न, प्रत्येकी चार पर्याय, बरोबर उत्तरांना १००ने गुणायचं. डोळे मिटून खुणा करणाऱ्याचे सरासरी ३५ प्रश्न बरोबर येणार, म्हणजे एकही शब्द न येता त्याच्या खात्यावर ३,५०० शब्दकुळं (मूळ शब्द आणि त्याची रूपं) जमा! म्हणून अशा आकड्यांकडे सावधपणे पाहावं. शिवाय अर्थ ओळखणं वेगळं आणि तो शब्द वाक्यात नीट वापरणं वेगळं. कॅनडातल्या वेशे आणि परिबख्त यांनी १९९०च्या दशकात 'कधी पाहिलाच नाही' इथपासून 'वाक्यात वापरता येतो' इथपर्यंत पायऱ्या आखल्या, त्या याच कारणाने.

महाराष्ट्रात २०२०च्या कायद्याने सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली. घरी दुसरी भाषा बोलणारी मुलंही ती शिकत आहेत. मराठी शिकवणाऱ्यांना आणि भाषा-अभ्यासकांना माझी विनंती आहे : आजच्या बोलण्यातले आणि वाचनातले शब्द मोजा, त्यांच्या पायऱ्या लावा आणि या मुलांसाठी त्यावर चाचणी तयार करा.